शब्द न गाळणारे ढवळे साहेब

प्रिय सई आणि निनाद,

सई, तू बंगळूरहून पाठवलेलं नेमणुकीचं पत्र मी काल दोनदा वाचलं. तू लिहिलं आहेस, आजी, तुझं इंग्रजी जुन्या वळणाचं पण पक्कं आहे, तू वाच आणि सही करू का ते सांग. पत्र नीट आहे. तिसऱ्या पानावर, खालून दुसऱ्या परिच्छेदात, एक वाक्य आहे. नेमणूक अकरा महिन्यांची असून मुदत संपताच ती आपोआप संपेल आणि तिला कामावरून कमी करणं समजलं जाणार नाही. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि संध्याकाळपर्यंत दुसरं काही केलं नाही.

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी मीच ते मराठीत केलं होतं. ज्या माणसाने ते माझ्याकडून करून घेतलं, त्याच्याविषयी मी तुमच्या आईलाही कधी धड सांगितलेलं नाही. सांगायचं राहून गेलं असं नाही, मी टाळलं. आता तू सही करायला बसली आहेस, आणि निनाद, तू तिकडे टोरांटोत माणसं कामावर ठेवतोस आणि कमी करतोस. म्हणून हे दोघांनाही लिहिते आहे.

जालना जिल्हा झाला त्या वर्षी मी तिथल्या एका बियाण्याच्या कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहारासाठी लागले. तुमचे आजोबा शाळेत गणित शिकवत. हैदराबादला इंग्रजीतून शिकलेल्या बाईला आमच्या गावात तेव्हा दुसरं काम नव्हतं. कंपनी म्हणजे पत्र्याची मोठी शेड. त्यात बियाणं चाळायचं एक अजस्र मशीन, त्याच्यापुढे दोन रांगांत बसून निवड करणाऱ्या बायका, आणि शेडच्या टोकाला लाकडी फळ्यांनी वेगळं केलेलं ऑफिस. मशीन सुरू असलं की माझ्या टेबलावरचा पाण्याचा काचेचा ग्लास सारखा थरथरत असे.

ढवळे या कंपनीत टाइमकीपर होते. भोकरदनकडच्या एका खेड्यातले, मॅट्रिक झालेले. उंच, वाळलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बायका त्यांना साहेब म्हणत आणि ते दर वेळी सांगत, "साहेब आत बसतात. मी ढवळे." बायका ऐकून घेत आणि पुन्हा साहेबच म्हणत.

लिहिलेलं काही दिसलं की ते वाचल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नसे. लग्नाची पत्रिका हातात आली तर खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचत. शेंगदाण्याची पुडी सोडून आधी कागद वाचत, मग दाणे खात. बायका त्यावरून त्यांची थट्टा करत. एकदा कोणीतरी म्हणाली, साहेबांच्या बायकोनं साडी नेसताना काठावरचं मिलचं नाव आत दुमडून घ्यावं, न्हाईतर घरातून निघायला उशीर व्हायचा. ढवळे स्वतः त्यावर हसले. हसताना तोंडावर हात धरत, कारण पुढचा एक दात पडलेला होता.

कायद्याप्रमाणे कंपनीचे नियम कामगारांना समजेल अशा भाषेत दर्शनी जागी लावावे लागत. आमच्या कंपनीने ते काचेच्या चौकटीत घालून गेटमागच्या भिंतीवर लावले होते, म्हणजे झालं. ढवळ्यांना हे पटत नव्हतं. ज्यांच्यासाठी लावलं त्यांना वाचता येत नाही, तर मग लावलं कोणासाठी, असं ते म्हणत. म्हणून दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीआधी ते एक नियम मोठ्याने वाचून दाखवत. याचा एक ठरलेला क्रम होता. ते शेडच्या मधोमध येऊन उभे राहत आणि मशीनवरच्या लतीफभाईंना हात वर करून खूण करत. मशीन कण्हत कण्हत थांबे. माझा ग्लास स्थिर होई. ढवळे चपला काढत, तेवढ्यात धूळही खाली बसे, मग ओळीखाली बोट धरून ते वाचायला लागत. एखादा शब्द त्यांना अडला तर तिथेच थांबून सांगत, हा शब्द मला येत न्हाई, उद्या सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी सांगत.

तो शब्द घेऊन ते माझ्याकडे येत. कायद्याचं एक इंग्रजी मासिक कंपनीत येत असे, ते फक्त मी वाचत असे. ढवळे कागदाच्या कपट्यावर शब्द उतरवून आणत. लेऑफ. रिट्रेंचमेंट. मी माझ्या पुस्तकी मराठीत अर्थ सांगे. ते ऐकून घेत आणि विचारत, "माझ्या आईला सांगायचं असलं तर कसं सांगाल?" मी दुसऱ्यांदा सांगे. त्यांना पटत नसे. तिसऱ्या-चौथ्यांदा कधीतरी मान हलवत. मला हैदराबादेत कोणी मराठी शिकवलं नाही. जे आज लिहिते आहे ते मराठी मी त्या टेबलाशी शिकले, आणि ढवळ्यांच्या आईला मी कधी पाहिलंही नाही.

बायकांमध्ये रुक्मिण म्हणून एक होती, तिशीची, बदनापूरहून रोज पॅसेंजरने येणारी. निवडीत तिच्याइतका हात कोणाचाच चालत नसे. एकदा तिच्या भावाचं पत्र आलं आणि तिने ते सगळ्यांसमोर ढवळ्यांकडे वाचायला दिलं. घरात पाळणा हलणार असेल, बारशाचं बोलावणं असेल, असं तिला वाटलं होतं. भावाने लिहिलं होतं की तू गड्यांच्या बरोबरीने कंपनीत काम करतेस, आमच्या दारात येऊ नकोस. ढवळ्यांनी ते तारखेपासून सहीपर्यंत जसंच्या तसं, नियम वाचत त्याच आवाजात वाचलं. नंतर बायका त्यांच्यावर चिडल्या, की एवढी एक ओळ तरी गाळायची होती. ते म्हणाले, "चिठ्ठी तिची हाय. माझी असती तर गाळली असती." रुक्मिणने डोळे पुसले आणि उलट त्यांचीच बाजू घेतली. साहेबांनी वाचलं म्हणजे तेवढंच हाय, ती म्हणाली, कमी न्हाई का जास्त न्हाई. घरी जाऊन मला दुसऱ्याला विचारायचं काम न्हाई.

त्यांनीच बायकांना दोनशे चाळीस दिवसांचं समजावून सांगितलं. वर्षात दोनशे चाळीस दिवस खंड न पडता भरले, तर कामगाराला कायम करावं लागतं, असा नियम होता. आपले दिवस आपण मोजा, असं ते सांगत. मोजायचं कसं, हे बायकांनी ठरवलं. औषध न लावलेल्या ज्वारीचा एक दाणा रोज डबीत टाकायचा. शेडमधल्या प्रत्येकीच्या पिशवीत तंबाखूची नाहीतर स्नोची एक रिकामी डबी असे.

मालकांनाही हा नियम ठाऊक होता. दिवस भरत आले की मॅनेजर बायकांना दहा-पंधरा दिवस घरी बसवत. एका वर्षी हे करायला उशीर झाला. तेव्हा मॅनेजरनी ढवळ्यांना बोलावून सांगितलं की मागच्या महिन्यातले सहा दिवस या बायकांच्या नावापुढे गैरहजर लिहा. ढवळे म्हणाले, हजर माणसाला मी गैरहजर लिहिणार न्हाई. मॅनेजरच्या खोलीच्या फळीअलीकडे बसून मी ते ऐकलं. त्यांना चार महिने गेटवर बसवलं, ऐन उन्हाळ्यात, डोक्यावर एक पत्रा. बायका आळीपाळीने त्यांना ताक आणून देत. ते परत आत आले तेव्हा शेडमधल्या बायकांनी त्यांनी दिलेल्या कोणत्याही कागदाबद्दल प्रश्न विचारणं सोडून दिलं होतं. प्रश्न विचारणं म्हणजे ढवळ्यांचा अपमान, असं त्यांना वाटू लागलं होतं.

मग दिल्लीने औद्योगिक विवाद कायद्यात एक दुरुस्ती केली. कामगाराची नेमणूक ठराविक मुदतीसाठी असेल आणि ती मुदत संपली म्हणून काम संपलं, तर ती कपात धरायची नाही, म्हणजे कपातीसाठी लागणारी नोटीस आणि भरपाई लागू होत नाही. हे त्या मासिकात आलं होतं. ढवळे मासिक हातात घेऊन माझ्याकडे आले. पानावर निळ्या पेन्सिलीची खूण होती. "बाई, हे नवीन आलंय. बराबर मराठीत करून द्या. माझ्या आईला कळेल असं."

मी दोन दिवस घेतले. पहिला मसुदा त्यांनी परत केला, दुसराही. तिसऱ्या वेळी त्यांनी तो दोनदा वाचला आणि तोंडावर हात न धरता हसले. वाक्य असं झालं होतं: ठरवून दिलेली मुदत संपली म्हणून काम संपलं, तर त्याला कामावरून काढणं म्हणता येणार नाही. मला अभिमान वाटला. येत्या सोमवारी ते वाचून दाखवतील अशी माझी समजूत होती. सोमवारी त्यांनी पिण्याच्या पाण्याचा नियम वाचला. मी विचारलं तर म्हणाले, वरून अजून आलं न्हाई, बघू.

निळी पेन्सिल ऑफिसात फक्त मॅनेजरच्या टेबलावर असे. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी त्याचा अर्थ लावला नाही.

हंगामाच्या सुरुवातीला छापखान्यातून नेमणुकीच्या पत्रांचा गठ्ठा आला. गुरुवार होता. सकाळी अकराच्या सुमारास मी खिडकीतून पाहिलं तर ढवळे शेडच्या मधोमध उभे होते. चपला काढलेल्या होत्या. बोट ओळीखाली होतं, ओठ हलत होते. लतीफभाई त्यांच्याकडे पाहत होते, हात कधी वर होतो म्हणून. हात वर झाला नाही. माझा ग्लास थरथरतच राहिला. पान संपल्यावर ढवळ्यांनी कागद खाली घेतला आणि एकतीस बायका अंगठा द्यायला रांगेत उभ्या राहिल्या. बियाण्याला लावायच्या औषधाच्या भुकटीने त्यांचे अंगठे आधीच गुलाबी होते. काही अंगठे निळ्याऐवजी जांभळे उठले. मी एक मोठं पत्र टाइप करत होते, ते पूर्ण केलं.

हंगाम संपायच्या आत एका सकाळी त्या एकतीस जणींना गेटवरच सांगण्यात आलं की तुमची मुदत काल संपली. रुक्मिणच्या डबीत दोनशे एकतीस दाणे होते. मॅनेजरनी कोणालाही भेट दिली नाही. ढवळे त्या दिवशी रजेवर होते, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

संध्याकाळी रुक्मिण आमच्या घरी आली. पदराच्या गाठीतून पत्र काढलं, घडी उलगडली आणि माझ्यापुढे धरलं. बाई, ह्यात काय लिहिलंय ते वाचा. मी वाचलं. चौथ्या ओळीत माझं वाक्य होतं, एका काना-मात्रेचाही फरक न करता.

ती म्हणाली, "हे तर साधं हाय. हे मला कळलं असतं."

मी विचारलं, मग अंगठा का दिलास?

"मशीन चालू होतं. ऐकू न्हाई आलं काही." आणि मला हे समजत कसं नाही अशा नजरेने पाहून ती म्हणाली, "पण साहेब वाचू राह्यले होते ना."

खटला औरंगाबादच्या कामगार न्यायालयात चार वर्षं चालला. मी नोकरी सोडली होती, त्यामुळे साक्ष द्यायला मला कोणाची आडकाठी नव्हती. रुक्मिणचं काम परत मिळावं, निदान इतक्या वर्षांचं काम मानलं जावं, एवढंच मागणं होतं. ढवळे तोवर पर्सोनेल ऑफिसर झाले होते. त्यांना आत खोली मिळाली होती, आणि दारावर नावाची पाटी. आता ते आत बसत.

कंपनीच्या वकिलाने त्यांना विचारलं, पत्र वाचून दाखवलं का? ढवळे म्हणाले, वाचलं, शब्द न शब्द. त्यांचा आवाज तोच होता. ते खोटं बोलत नव्हते.

मग वकिलाने रुक्मिणला विचारलं की ढवळे साहेबांनी तुम्हाला पूर्वी कधी चुकीचं वाचून दाखवलं आहे का. ती म्हणाली, कधीच न्हाई. कधी एखादा शब्द गाळला आहे का? न्हाई, ती म्हणाली, साहेब गाळत न्हाईत. आमचे वकील डोक्याला हात लावून बसले. त्यांनी तिला आदल्या दिवशी काय सांगायचं ते शिकवलं होतं. पण समोर ढवळे बसले होते, आणि त्यांच्याबद्दल खोटं बोलायचं तिला सुचलं नाही.

मग माझी पाळी. मी मशीन सुरू होतं हे सांगितलं. वकिलाने ते खोडून काढायचा प्रयत्नही केला नाही. पत्रातलं ते वाक्य माझ्यापुढे ठेवून विचारलं, हे मराठी तुमचं का? मी हो म्हटलं. अवघड आहे का? नाही. चौथी झालेल्या मुलीला कळेल? मी खरं ते सांगितलं, चौथी न झालेल्या बाईलाही कळेल. त्यांनी माझे आभार मानले.

निकालात असं आलं की पत्र सोप्या मराठीत आहे, आणि ज्याच्या प्रामाणिकपणाबद्दल कामगारांनाच शंका नाही अशा अधिकाऱ्याने ते सर्वांसमोर वाचलं आहे. मशीन सुरू असल्यास कामगारांना विचारणा करता आली असती.

निकालानंतर व्हरांड्यात ढवळे मला भेटले. भेटले म्हणजे मी त्यांची वाट अडवली. रुक्मिण पायरीवर बसली होती, तिला ऐकू जाईल इतक्या अंतरावर. ते स्वतःच म्हणाले, "बाई, मी एक शब्द गाळला न्हाई."

"तुम्ही मशीन थांबवलं नाही."

त्यांनी चष्मा नीट केला. काडी आता नवी होती. "मशीन थांबवा असं कुठं लिहिलंय?"

रुक्मिणने मागे वळून न पाहता म्हटलं, "साहेब, जल्दी जा. तुमची जीप थांबलीय." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरोखरच त्यांना जीप चुकू नये म्हणून सांगत होती, असं मला वाटलं, आणि त्या क्षणी मला ढवळ्यांचा फार राग आला.

त्यांनी असं का केलं हे मला कळलेलं नाही. कोणी म्हणत, मॅनेजरनी त्यांना पुन्हा गेटवर बसवायची भीती दाखवली. कोणी म्हणत, त्या खोलीचा मोह. तुमचे आजोबा म्हणत की एकदा नकार देऊन माणसाची ताकद संपते, दुसऱ्यांदा उरत नाही. मला यातलं काहीच पुरत नाही. घाबरून होकार देणारा माणूस एखादी ओळ गाळतो, घाईघाईने वाचतो, नजर चुकवतो. ढवळ्यांनी चपला काढल्या, बोट धरलं, सगळं यथासांग केलं आणि फक्त हात वर केला नाही. बायका कशावर विश्वास ठेवतात, हे त्यांना त्या बायकांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. माझं मराठी त्यांनी इतकं घासून का घेतलं, हे मला न्यायालयात कळलं.

निनाद, माझी तक्रार त्या कायद्याबद्दल नाही. ठराविक मुदतीची माणसं मालकाला लागतात. बियाण्याचा धंदा हंगामाचा आहे, हे मलाही दिसत होतं. मशीन थांबलं असतं तर काही बायकांनी नाही म्हटलं असतं, काहींनी कळून अंगठा दिला असता. ते ठरवायचं त्यांच्या हातात होतं आणि ते त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं, तेही ज्याने ते त्यांच्या हातात दिलं त्याच माणसाकडून.

त्यानंतर ढवळे मला एकदाच दिसले, चार-पाच वर्षांपूर्वी, जालन्याच्या बसस्टँडवर. भोकरदनची गाडी लागली होती आणि ते खिडकीपाशी बसले होते, खूप थकलेले, डोक्याला मफलर. त्यांनी मला पाहिलं. मी नमस्कार केला नाही. गाडी सुरू झाली तसे ते जागेवरून उठले आणि समोरच्या दांड्याला धरून उभे राहिले. मागची बाई त्यांना बसायला सांगत होती. गाडी फाटकातून वळेपर्यंत ते तसेच वाकून उभे होते, माझ्याकडे तोंड करून. पुढच्या वर्षी ते गेल्याचं कोणीतरी सांगितलं.

कंपनी आहे. शेडच्या जागी दुमजली इमारत झाली आहे आणि निवडीच्या बायका आता ठेकेदारामार्फत येतात. त्या एकतिसांपैकी एकीलाही काम परत मिळालं नाही.

रुक्मिण आहे. बदनापूरला स्टेशनच्या मागे राहते. साक्षरतेच्या वर्गात जाऊन पंचेचाळिशीत ती वाचायला शिकली. फार हळू वाचते, रेशनचा कागदही अर्धा तास घेते. मी महिन्यातून एकदा तिच्याकडे जाते, आम्ही चहा पितो, गुडघ्यांबद्दल बोलतो. ती कोणाकडूनही काही वाचून घेत नाही. माझ्याकडूनही नाही.